पुरवणी मागण्यांच्या आठवड्यात आमच्या शाळेचा कागद

माझी मुलगी सहावीत होती त्या वर्षी तिच्या शाळेत गणित-विज्ञानाच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा रिकामीच राहिली. भाषा शिकवणारे सर सहावी-सातवी एकत्र बसवून जमेल तेवढं गणित घेत होते. मनापासून घेत होते, पण अपूर्णांक आणि बीजगणित एकाच तासाला एकाच फळ्यावर कसं होणार? शाळा सार्वजनिक, मराठी माध्यमाची, पहिली ते आठवी. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या औद्योगिक पट्ट्याला लागून आहे. इथल्या मुलांचे आईवडील कंपन्यांत हेल्पर, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या, सकाळी नाक्यावर उभे राहणारे. खासगी क्लासची फी परवडणारं घर हातावर मोजण्याइतकं. शाळेत जे शिकवलं जाईल तेच या मुलांच्या पदरात पडणार.

मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य होते. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत किमान ७५ टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आमच्याकडे बैठका होत होत्या, सह्या होत होत्या. पण समितीला नेमका कशाचा अधिकार आहे हे आम्हाला कुणी बसवून सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून कायद्याची पुस्तिका काढून दिली, ती मी घरी नेऊन रात्री वाचली. कलम २२ मध्ये लिहिलंय की समितीनं शाळा विकास आराखडा तयार करायचा, आणि पुढच्याच उपकलमात, की सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण जे नियोजन करेल आणि जे अनुदान देईल त्याचा आधार हाच आराखडा असेल. म्हणजे आम्ही सह्या करत होतो तो कागद कायद्याच्या नजरेत पैशाचा पाया होता. पुढे कलम २६ आहे. सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत शिक्षकांची रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. आमच्याकडे मंजूर बारा, कामावर नऊ. मी बैठकीत दोन्ही कलमं मोठ्यानं वाचून दाखवली. एक ताई म्हणाल्या, "मग हे आपण मागत नाहीच आहोत. हे आपलं आहे." पुढचे सगळे महिने ते वाक्य माझ्या मनात राहिलं.

मागायचं कुणाकडे, हा खरा प्रश्न होता. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली होती आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. २०२५ उजाडलं तरी दोन्हीकडे प्रशासकच होते. वॉर्डाला नगरसेवक नव्हता, शिक्षणावर प्रश्न विचारणारी सभा नव्हती. निवडून दिलेला माणूस उरला तो आमदार. म्हणून एका छोट्या शाळेची गोष्ट विधान भवनापर्यंत न्यायची असं ठरलं.

त्याआधी पैशाची वाट समजून घ्यावी लागली. मी एका वाहतूक कंपनीत बिलं आणि खाती बघते, त्यामुळे शीर्ष, उपशीर्ष, तरतूद या शब्दांची भीती वाटली नाही. शाळेत येणारा पैसा एका नळातून येत नाही. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेचा पैसा केंद्र आणि राज्य ६० आणि ४० या प्रमाणात देतात. त्यातून येणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. आमच्या पटाला ७५,००० बसतात. महिन्याला सव्वासहा हजार. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे आणि उरलेल्यात खडू, छोटी दुरुस्ती, प्रयोगाचं साहित्य, इंटरनेट, सगळं. चारशे मुलांच्या शाळेची स्वच्छतागृहं एवढ्यात नीट ठेवून दाखवा असं कुणालाही सांगावं. गणवेश, पाठ्यपुस्तकं, पोषण आहार यांचे हिशोब वेगळे. इमारत स्थानिक संस्थेची. आणि सगळ्यात मोठा खर्च, शिक्षकांचे पगार. राज्याच्या अर्थसंकल्पात तो शालेय शिक्षण विभागाच्या 'ई-२ सर्वसाधारण शिक्षण' या मागणीत (विभागाच्या खर्चाचा सभागृहानं मंजूर करायचा भाग) आणि २२०२ या प्रधान शीर्षाखाली दिसतो. आमची मागणी शिक्षकाची, म्हणजे आमचा कागद तिथे जायला हवा होता. पंखे आणि बाकांची यादी त्यात घातली असती तर तो भलत्याच टेबलावर जाऊन पडला असता.

पण शिक्षकाचं पद नुसत्या मागणीनं मिळत नाही. ते संचमान्यतेतून, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवण्याच्या सरकारी प्रक्रियेतून मिळतं आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. तो पट म्हणजे हजेरीपुस्तकातली मुलं नव्हेत. ज्यांचं आधार ऑनलाइन वैध ठरलंय तीच मुलं मोजली जातात. शिक्षक मंडळी याला सरळ 'आधार व्हॅलिड' म्हणतात. नावात एका अक्षराचा फरक, जन्मतारखेत चूक, बोटांचे ठसे जुळत नाहीत, की मूल 'इनव्हॅलिड'. रोज पहिल्या बाकावर बसणारं, खिचडी खाणारं, पाढे म्हणणारं मूल शिक्षक ठरवताना नसतंच. आमच्यासारख्या वस्तीत हे जास्त होतं, कारण घरं सतत बदलतात. कुणी विदर्भातून आलेलं, कुणी उत्तर प्रदेशातून, कुणाचं आधार गावच्या पत्त्यावर, कुणाचं बाळ असताना काढलेलं आणि नंतर कधी अद्ययावत न केलेलं.

या कामाला आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि मला आजही वाटतं की आमच्या सगळ्या खटपटीत हेच सर्वांत मोलाचं होतं. वर्गशिक्षकांनी याद्या दिल्या, आम्ही गल्ल्या वाटून घेतल्या. आधार केंद्रावर जायचं म्हणजे आईची एका दिवसाची मजुरी बुडते, आणि जन्मदाखला गावाला असेल तर तो मागवण्यात पंधरवडा जातो. एका रिक्षावाल्या दादांनी दुपारच्या मोकळ्या वेळात मुलांना केंद्रावर फुकट नेलं-आणलं. घरकाम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "माझ्या पोराचं नाव मशीनमध्ये नाही म्हणून त्याला सर नाहीत, असं का?" याचं समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नव्हतं, अजूनही नाही. जे मूल वर्गात बसलंय ते मोजलं गेलंच पाहिजे. मोजण्याची अडचण यंत्रणेनं सोडवायची, सातवीतल्या मुलानं नव्हे. आमच्या निवेदनात हा मुद्दा आम्ही वेगळा लिहिला: आधार प्रलंबित असलेल्या मुलांची मुख्याध्यापकांच्या दाखल्यावर आणि प्रत्यक्ष पडताळणीवर गणना व्हावी.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष आणखी कडक झाले आहेत. त्याची झळ आमच्यापेक्षा शहापूर-मुरबाडकडच्या लहान शाळांना जास्त. सहावी ते आठवीला वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे पद टिकवणंच कठीण. आमदारांच्या कार्यालयात बाकावर वाट बघताना तिकडच्या एका पालकांशी बोलणं झालं. त्यांच्या पाड्यावरची शाळा आणि आमची शाळा, अंतर दीडेक तासाचं. त्यांना मुलं कमी म्हणून शिक्षक नाही, आम्हाला मुलं भरपूर असून शिक्षक नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. १० मार्चला अर्थसंकल्प मांडला गेला आणि आम्ही तेव्हा आराखडाच लिहीत होतो. आमचं लक्ष पावसाळी अधिवेशनावर होतं. समितीनं ठराव केला, आवक-जावक नोंदवही दाखवून स्थानिक कार्यालयात दिला, पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद द्यायचा नाही हा नियम आमच्या उपाध्यक्ष ताईंचा. त्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम करतात आणि कागद जपण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

मग आमदारांचे स्वीय सहायक भेटले. त्यांनी आमचं चार पानी निवेदन वाचलं आणि शांतपणे सांगितलं, "ताई, सभागृहात बोलायला मिनिटं मिळतात. साहेबांच्या हातात एक पान द्या. किती पदं मंजूर, किती भरलेली, कधीपासून रिकामी, कायद्याचं कलम कोणतं, मागणी क्रमांक कोणता. शिक्षण महत्त्वाचं आहे हे लिहू नका, ते सगळेच म्हणतात." त्यांनी मार्गही सांगितले. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो, अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, ती वेळ निघून गेली होती. नियम १०५ खाली लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, अधिवेशन चालू असताना देता येते, पण रोज मोजक्याच चर्चेला येतात आणि सूचनांचा ढीग असतो. उरली पुरवणी मागण्यांवरची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर सरकार जो जादा खर्च मंजुरीला आणतं त्यावरची चर्चा. खातं शालेय शिक्षण असेल त्या दिवशी आमदार आपल्या मतदारसंघातल्या शाळांवर बोलू शकतात. आम्ही लक्षवेधी द्यायलाही सांगितलं आणि चर्चेसाठी एक पानही दिलं.

ते एक पान लिहायला चार पानांपेक्षा जास्त कष्ट पडले. प्रत्येक आकडा शाळेच्या युडायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद) अहवालाशी ताडून पाहिला. अकरा अंकी युडायस क्रमांक टाकला की शाळेची माहिती कुणालाही उघड दिसते, म्हणून मंत्रालयातल्या माणसालाही तो आकडा नाकारता येत नाही. दुखणं लिहायचं होतंच, पण ते एका ओळीत: 'सहावी-सातवीच्या मुलांना चालू वर्षात गणित व विज्ञानाचे स्वतंत्र तास मिळालेले नाहीत.' ही ओळ मी तशीच ठेवायला लावली. नुसत्या आकड्यांत मुलं दिसत नाहीत.

१६ जूनला शाळा उघडली. माझी मुलगी सातवीत गेली, जागा रिकामीच. ३० जूनला मुंबईत पावसाळी अधिवेशन सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. त्या दिवसांत शिक्षणावर राज्यभर बोललं जात होतं, पण ते सगळं तिसऱ्या भाषेवर. पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय सरकारनं २९ जूनला मागे घेतले होते आणि वातावरण तापलेलं होतं. पहिलीच्या लेकरावर तिसरी भाषा लादू नये असं माझंही ठाम मत आहे. पण नरिमन पॉइंटला रस्त्याकडेला एका वाहिनीच्या मुलीनं माझ्यासमोर माइक धरून विचारलं, "हिंदीबद्दल पालक म्हणून काय वाटतं?" तेव्हा मी म्हटलं, "आमच्या शाळेत गणिताला शिक्षक नाहीत, त्याबद्दल विचाराल का?" तिनं ऐकून घेतलं, दोन प्रश्नही विचारले. ते कुठे दाखवलं गेलं का, मला माहीत नाही. मात्र त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की माइक कुठलाही असो, बोलायचं ते रिकाम्या पदांवर.

८ आणि ९ जुलैला आझाद मैदानावर अंशतः अनुदानित शाळांचे शिक्षक राज्यभरातून आले होते. त्यांचा अनुदानाचा वाढीव टप्पा मंजूर झाला होता, पण त्यासाठी निधीची तरतूद नव्हती. तो लढा आमच्या शाळेचा नव्हता. तरी आम्ही काही पालक हार्बरनं सीएसएमटीला उतरलो ते थेट मैदानात गेलो. चिखल, प्लास्टिकचे कागद, डब्यांतली चपाती-भाजी, आणि वर्षानुवर्षं अर्ध्यामुर्ध्या पगारावर शिकवणारी माणसं. मराठवाड्यातल्या एका बाईंनी आम्हाला जागा करून दिली. आम्ही पालक आहोत हे कळल्यावर त्यांना नवल वाटलं. म्हणाल्या, "पालक आले की आमच्या मागणीला वजन येतं. नाहीतर सगळे म्हणतात, मास्तर पगारासाठी बसलेत." त्या बरोबर बोलत होत्या. शिक्षकाचा पगार आणि मुलाचा तास हे दोन वेगळे विषय नाहीत, पण सरकारदरबारी ते वेगळे मांडले जातात. पगार मागणारा स्वार्थी ठरतो आणि तास मागणारं कुणी तिथे नसतंच. पालकांनी तिथे दिसायला हवं ते यासाठी.

आमचं खातं चर्चेला येणार त्या दिवशी मला प्रेक्षक गॅलरीचा पास मिळाला. मोबाइल खाली जमा करावा लागतो. वर बसल्यावर हातात काहीच नसतं, फक्त ऐकायचं. खाली सदस्य येत-जात होते, काही बाकं रिकामी. एकेका सदस्याला बोलायला थोडी मिनिटं आणि वेळ संपली की घंटा. मी आमच्या आमदारांचं नाव पुकारण्याची वाट बघत तास-दीड तास बसले. त्यांनी आधी एका रस्त्याचा आणि एका रुग्णालयाचा विषय घेतला. माझा जीव खालीवर होत होता, घंटा वाजेल म्हणून. मग त्यांनी खिशातून आमचं पान काढलं. मंजूर बारा, भरलेली नऊ, कलम २६ प्रमाणे दहा टक्क्यांच्या आत हवीत ती पंचवीस टक्के रिक्त. आधार प्रलंबित मुलांचा मुद्दाही वाचला. आणि ती एक ओळ, स्वतंत्र तास मिळालेले नाहीत, तीही वाचली. सगळं मिळून मिनिटभर असेल. पण त्या सभागृहात बोललेलं कार्यवाहीत छापलं जातं, आणि आमच्या वस्तीतल्या मुलांचा गणिताचा तास आता राज्याच्या नोंदीत होता. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. शेजारी बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "तुमचं गाव का?" मी म्हटलं, "आमची शाळा."

लक्षवेधी मात्र चर्चेला आली नाही. पुढे १७ जुलैला विधान भवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांत हाणामारी झाली आणि अभ्यागतांचा प्रवेशच बंद झाला. शिस्त लागायला हवी हे खरं. पण मारामारी करणारे कार्यकर्ते वेगळे आणि फाइल घेऊन आलेले पालक वेगळे, हा फरक दारावर तरी राहायला हवा. १८ तारखेला अधिवेशन संपलं आणि लेखी उत्तराचा पाठपुरावा आम्ही आमदारांच्या मतदारसंघातल्या कार्यालयातून केला.

उत्तर आलं, त्यातली पहिली ओळ सरकारी: रिक्त पदांची माहिती संबंधित कार्यालयाकडून मागवण्यात आली आहे. पण माहिती खरोखरच मागवली गेली. अधिकारी शाळेत आले, हजेरीपुस्तक पाहिलं, वर्गात बसले. दिवाळीआधी गणित-विज्ञानाला एक शिक्षिका तात्पुरत्या नेमणुकीवर रुजू झाल्या. तरुण आहेत, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहेत, मुलं त्यांच्यावर खूष आहेत. माझी मुलगी आता घरी येऊन समीकरणं सोडवून दाखवते. पण तात्पुरती नेमणूक म्हणजे वर्ष संपलं की पुन्हा प्रश्न. इतक्या चांगल्या शिक्षिकेला पुढच्या जूनची खात्री देता येत नाही, हे मला सहन होत नाही. उरलेली दोन पदं पवित्र पोर्टलच्या, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षकभरतीवर अडकली आहेत.

३० सप्टेंबरच्या पटात या वेळी आधार वैध असलेली मुलं आधीपेक्षा जास्त निघाली. नववीला दुसऱ्या शाळेत गेलेल्या मुलांच्या आयासुद्धा कागद शोधायला मदतीला आल्या होत्या. डिसेंबरमधलं नागपूरचं अधिवेशन आठवड्याभराचं झालं. तिथे जाणं आमच्यातल्या कुणालाच परवडणारं नव्हतं, पण पान नागपूरला पोचलं, आमदारांच्या फाइलमधून.

आता २०२६ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी नवं पान लिहून झालं आहे. त्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत. तिन्ही पदं कायमस्वरूपी भरावीत. आधार प्रलंबित मुलं पटात मोजावीत. संयुक्त शाळा अनुदानात राज्यानं स्वतःची भर घालावी, कारण ७५,००० रुपयांत चारशे मुलांची शाळा वर्षभर चालत नाही. त्यासाठी मागच्या वर्षाचा खर्चाचा ताळेबंद सोबत जोडला आहे, मुख्याध्यापिका बाईंच्या आणि समितीतल्या सगळ्या पालकांच्या सहीनं. या वेळी तारांकित प्रश्नाची मुदत कधी आहे ते आधी विचारून घेतलं, आणि पान मुदतीच्या आत दिलं. पोच उपाध्यक्ष ताईंकडे आहे.